रोहण्याच्या देवकाबाईचे एकोणीस अर्ज

वर्धा, ८ नोव्हेंबर २०२४

काजल,

वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'चि. काजल हिस' असं दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा खोडलं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही; आता एकदम आशीर्वादाने सुरुवात केली तर तू घाबरशील. माझी प्रकृती ठीक आहे. तुझ्या आईचीही ठीक आहे, पण ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. दुपारी मी आडवा झालो की ती परसात जाऊन कोणाशी बोलते, ते मला समजतं.

एक गोष्ट घडते आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुन्या कागदांचं वेड समजणारं माणूस आपल्या घरात तू एकटी होतीस. शनिवारी शाळा सुटली की माझ्या रेकॉर्ड रूममध्ये यायचीस आणि लाल कापडात बांधलेल्या कागदांच्या बस्त्यांवर बसून डबा खायचीस. साहेब रागवायचे, तरी यायचीस.

सोमवारी रोशनचा फोन आला. तुझ्या वर्गातला रोशन. आता वर्ध्यातच वकिली करतो. म्हणाला, "काका, तुमी अजून मोडी वाचता ना? इंग्लंडहून एक बाई आली हाये. तिच्या आजोबाचा जन्म इकडचा. त्याच्या मायबापाचा पत्ता लावाचा हाये."

मी म्हटलं, "गोऱ्याचा पत्ता चर्चच्या वहीत लागते. माह्याकडं काऊन आणतं?"

"चर्चच्या वहीत मायबापाचा मृत्यू भेटला. पोरगा मंग कोनाकडं होता, कसा गेला, काईच नाई. जुन्या दिवाणी रजिस्टरात त्याचं नाव दिसलं. बस्ता पाहाची परवानगी भेटली, पण आतले अर्धे कागद मोडीत हायेत."

बाईचं नाव हेलन. सत्तरीला टेकलेली, उंच, पायात साधे कापडी बूट. दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि मी बसल्याशिवाय बसली नाही. तिच्या आजोबांचं नाव आर्थर. १८८९ साली पुलगावला जन्मले. बाप तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनं सांभाळायचा. आजोबा १९७१ मध्ये वारले तेव्हा हेलन सोळा वर्षांची होती, म्हणजे त्यांच्या मांडीवर खेळलेली. तरी आपल्या लहानपणाबद्दल ते काही सांगत नसत. विचारलं की खिडकीबाहेर बघायचे.

रेकॉर्ड रूममध्ये गेलो. बस्ता १८९३ सालचा निघाला. मी तो सोडला तेव्हा आतून तंबाखूसारखा वास आला. वरचे कागद इंग्रजीत होते, ते रोशनने वाचले. बाप पटकीने मेल्यावर विलायतेतल्या चुलत्याने मुलाचा ताबा मागितला होता. आणि ज्या व्यक्तीकडून मागितला, तिचं नाव खालच्या मोडी कागदांत होतं. तेवढ्यात खोली बंद करायची वेळ झाली.

बस्त्याच्या गाठीत एक पिवळी चिठ्ठी खोचलेली होती. ती मी काढून खिशात घातली. कोणी पाहिलं नाही.

बाबा


वर्धा, १३ नोव्हेंबर २०२४

काजल,

पहिलं पत्र अजून टेबलावरच आहे. दुसरं लिहायला बसलो.

सोमवारी आम्ही मोडी कागद वाचायला घेतले. मी एक ओळ वाचायची, रोशनने इंग्रजीत सांगायची, हेलनने वहीत उतरवायची, असं चाललं होतं. पहिलाच कागद जबानीचा. मी वाचलं: "देवकाबाई कोम सखाराम, वय सुमारे तीस, धंदा मजुरी, राहणार रोहणा." कोम म्हणजे बायको. रोशनने सांगायला तोंड उघडलं, पण हेलनने हात वर करून त्याला थांबवलं.

"नाव परत वाचा," ती म्हणाली.

"देवकाबाई."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पिशवीतून एक जन्माचा दाखला काढला. तिच्या आईचा, १९१९ सालचा. नाव होतं एलिस देवका. हे मधलं नाव कुठून आलं, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. आजोबांनी हट्टाने ठेवलं होतं, एवढंच. कोणी म्हणे पोलंडकडचं असेल, कोणी म्हणे गावाचं असेल. हेलन चाळीस वर्षं ते नाव नकाशात शोधत होती.

काजल, मी चौतीस वर्षं त्या खोलीत नोकरी केली. कागदाने माझ्या अंगावर काटा आणला तो पहिल्यांदा.

जबानी अशी आहे. देवकाबाई साहेबाच्या घरी कामाला होती. मडम बाळंतपणात गेली. देवकाबाईचं स्वतःचं मूल त्याच महिन्यात गेलं होतं. साहेबाने आपलं मूल तिच्या ओटीत दिलं आणि ते तिच्या दुधावर वाढलं. तीन वर्षांनी साहेब पटकीने मेला. घराला कुलूप लागलं. मुलाला घ्यायला कोणीच आलं नाही, म्हणून ती त्याला पाठीशी बांधून रोहण्याला भावाच्या घरी घेऊन गेली. पोर आठ महिने तिथे राहिलं. त्याला गावात 'आरतू' म्हणत. मुनशीने कागदावर तसंच लिहिलं आहे: 'मूल नामे आर्थर उर्फ आरतू'.

मुनशीने तिचं बोलणं सगळं कचेरीच्या भाषेत बसवलं आहे. फक्त एका जागी त्याचा हात थांबला असावा. चुलत्याच्या वकिलाने विचारलं, "तुझे या मुलाशी नाते काय?" त्याखाली उत्तर आहे ते जसंच्या तसं:

"माह्या दुधावर वाढला थो. अजून कोनतं नातं असते?"

मी ते वाचलं आणि रोशन त्याचं इंग्रजी करायचं विसरला. एकशे एकतीस वर्षांपूर्वी एक मजूर बाई गोऱ्या साहेबापुढे उभी राहून हे बोलली, आणि आज ती त्या खोलीतच कुठेतरी उभी आहे असं मला वाटलं.

पुढे ती म्हणते, "मूल मी अडवत नाही. त्याची खुशाली कळावी, इतके मागते."

मूल चुलत्याला मिळालं. पण निकालाच्या शेवटी न्यायाधीश साहेबाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे, की मुलाच्या खुशालीची बातमी या बाईस या कचेरीमार्फत वर्षातून एकदा कळवावी.

हेलनने विचारलं, "मग कळवली?"

खाली अजून कागद होते. मी म्हटलं, उद्या पाहू. खरं सांगतो, माझं मनच धजेना.

बाबा


वर्धा, १९ नोव्हेंबर २०२४

काजल,

खाली एकोणीस अर्ज होते.

पहिला १८९४ चा. "मुलास जाऊन वर्ष झाले. हुकुमाप्रमाणे खुशाली आली नाही. तिकडे थंडी फार म्हणतात. मूल जेवते काय, आपली बोली बोलते काय, कळवावे." पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत. मूल शाळेत जाते काय. मुलाचा कान फुटत असे, तो बरा झाला काय. १९०७ सालच्या अर्जात आर्थर अठरा वर्षांचा झालेला आहे, तरी अर्जात 'मूल'च लिहिलंय. मुलाचे लग्न झाले काय.

प्रत्येक अर्जाचं अक्षर वेगळं, कारण दर वेळी कचेरीबाहेर जो अर्जनवीस भेटेल त्याच्याकडून तिने लिहून घेतलं. पण खालची सही एकच. लिहिता न येणाऱ्या बाया तेव्हा सहीच्या जागी बांगडी काढत, म्हणजे एक गोल. एकोणीस कागदांवर एकोणीस बांगड्या. सुरुवातीच्या ठसठशीत आहेत. नंतर हात कापलेला दिसतो. १९१२ चा अर्ज शेवटचा. त्यातल्या बांगडीची दोन टोकं जुळलेली नाहीत.

आणि प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात कोणा साहेबाची आडवी सही आणि एक शब्द: दाखल. म्हणजे अर्ज आला, फायलीला लावला. उत्तर एकाही अर्जाला नाही. विलायतेला कोणी एक पत्र धाडलं असेल, तर त्याची नक्कल बस्त्यात नाही.

रोहण्याहून पुलगाव पायी, तिथून गाडीने वर्धा, आणि तसंच परत. दरवर्षी. मी हेलनला ते अंतर सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा तेव्हा जिवंत होते. त्यांना लिहिता येत होतं. त्यांना कोणी सांगितलंच नाही."

आता त्या चिठ्ठीबद्दल. १९९१ साली जुने बस्ते निकाली काढायची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. चिठ्ठीवर लिहिलंय, 'महत्त्वाचे कागद नाहीत. नष्ट करण्यास हरकत नाही.' खाली माझी सही आहे. काजल, मला मोडी येत होती. मी बस्ता उघडून एक अर्ज जरी वाचला असता तरी असं लिहिलं नसतं. दिवसाला चाळीस बस्ते उरकायचे होते, मी नुसती गाठ पाहिली आणि चिठ्ठी खोचली. ती यादी पुढे कधी मंजूरच झाली नाही, म्हणून कागद वाचले. त्यात माझं काहीच श्रेय नाही.

काल हे सगळं तुझ्या आईला सांगत होतो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "मनकर्णा, एकोणीस वर्ष उत्तर आलं नाई तरी बाई जात राह्यली. नवल नाई काय?"

ती मेथीकडे पाहतच म्हणाली, "त्या बाईचं तुमाले नवल वाटून राह्यलं. ट्रंकेत सहा पडले हायेत, थे कोन वाचंल?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"मेलेल्या बाईचे अर्ज तुमाले वाचता येते," ती म्हणाली, "जित्या पोरीचे नाई येत." मग उठून आत गेली.

म्हणून आता लिहितो. तू निकेशशी लग्न करणार म्हणालीस तेव्हा मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. जाम गावच्या त्याच्या वडिलांच्या, ताराचंदांच्या घरात गेलीस तर या घरची वाट विसर, असं म्हणालो. ती माणसं वाईट नव्हती. आपल्यातली नव्हती, एवढंच. लग्नाच्या दिवशी मी गिरडच्या टेकडीवर जाऊन दिवसभर दर्ग्याच्या पायऱ्यांवर बसलो, म्हणजे कोणी ओळखीचं भेटून विचारायला नको.

त्यानंतर दरवर्षी माझ्या वाढदिवसाला तुझं पाकीट येत गेलं. मी फोन उचलत नाही, म्हणून तू कागदावर आलीस. मी एकही पाकीट उघडलं नाही. फाडलंही नाही, कागद फाडणं माझ्या हातून होत नाही. प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख टाकली आणि ट्रंकेत ठेवलं.

बाबा


वर्धा, २ डिसेंबर २०२४

काजल,

काल आम्ही रोहण्याला जाऊन आलो. रोशनची गाडी होती. तुझ्या आईला विचारलं, येतं काय, तर ती लुगडं बदलून माझ्याआधी गाडीत बसली.

वाटेत ती चिठ्ठी मी हेलनच्या हातात दिली. रोशनला म्हटलं, काय लिहिलंय ते सांग, आणि खालची सही माझी आहे तेही सांग. त्याने सांगितलं. हेलनने चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली, घडी केली आणि मला परत दिली. पुलगाव येईपर्यंत ती बाहेरच्या कपाशीकडे बघत राहिली. पुलगावला रोशनने चहा घेतला तेव्हा तिने आपल्या पिशवीतली बिस्किटं काढून पहिलं मला दिलं.

अर्जांवर देवकाबाईच्या भावाचं नाव आहे. त्यावरून रोशनने आधीच चौकशी केली होती. त्या भावाचा पणतू गोपाल, चाळिशीतला, रोहण्यातच शेती करतो. त्याची बायको रूपाली अंगणवाडीत आहे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी ओसरीत सतरंजी टाकली होती आणि शेजारपाजारचे दहा-पंधरा लोक आधीच जमले होते.

गोपाल म्हणाला, "काकाजी, आमच्या घराले गावात सायबाच्या मायचं घर म्हनतात. काऊन म्हनतात, कोनालेच मालूम नाई. मी समजत होतो का आमच्यातला कोनी तहसीलदार होऊन गेला असंल."

मी बस्त्यातल्या कागदांच्या नकला काढल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. 'माह्या दुधावर वाढला थो' हे वाचलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलली."

मग हेलन रोशनला काहीतरी म्हणाली. रोशन म्हणाला, "काका, त्या म्हनतात का अर्जातले सवाल एकेक वाचा. उत्तर त्या देतीन."

मी पहिला अर्ज घेतला. मूल जेवते काय.

हेलन सतरंजीवर मांडी घालून बसली होती. गुडघे दुखत असतील, पण हलली नाही. ती म्हणाली, "जेवायचे. रात्री पावाचे तुकडे हाताने मोडून दुधात कुस्करायचे आणि बोटांनी खायचे. आजी रागवायची, तरी चमचा घेत नसत."

रोशनने मराठीत सांगितलं. रूपालीने तोंडावर पदर धरला. गोपाल म्हणाला, "दूध-भाकर."

कान बरा झाला काय. डावा कान शेवटपर्यंत कमी ऐकायचा. शाळेत गेले काय. गेले, आणि पुढे शाळेतच गणित शिकवलं. लग्न झाले काय. झालं, चार मुलं झाली. हेलनने फोटो दिला. टकलावर टोपी, मांडीवर एक पोरगी. ती पोरगी म्हणजे हेलनच. फोटो हातोहात सगळ्या ओसरीत फिरला. कोणी म्हणालं नाक आपल्यासारखं आहे, आणि कोणी हसलं नाही.

आपली बोली बोलते काय, याला हेलन अडली. मग म्हणाली, "आम्हाला झोपवताना ते काहीतरी पुटपुटायचे. शब्द नव्हते. आम्हाला वाटायचं, नुसता आवाज आहे." तिने तो काढून दाखवला, घशातल्या घशात, हलकेच. काजल, मला ते ओळखू आलं नाही. रोशनलाही नाही. तुझी आई मात्र पुढे सरकली आणि म्हणाली, "आंगाईचं हाये थे. बोल इसरला, चाल नाई इसरला."

हेलनच्या मागोमाग ती तीच चाल गुणगुणायला लागली. मग दोन बाया. मग त्या म्हातारीने त्यात बोल घातले. हेलन त्या चौघींकडे आळीपाळीने पाहत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. मी सत्तरी ओलांडली आहे. देवळात, दर्ग्यात, जिथे हात जोडायला सांगितले तिथे जोडले. काल त्या ओसरीत ते आपोआप जोडले गेले.

शेवटचा अर्ज राहिला, १९१२ चा. "मूल आता मोठे झाले. मला ओळखणार नाही. माझे नाव त्यास ठाऊक आहे काय." इतकाच आहे.

हेलनने जन्माचा दाखला पुढे केला. मी वाचून दाखवलं: एलिस देवका.

गोपालला समजायला वेळ लागला. "म्हंजे या बाईच्या मायचं नाव आमच्या आजीचं?"

"हो," मी म्हटलं.

तो उठून घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. देवकाबाईला कुठे जाळलं, कधी गेली, गावात कोणालाच सांगता आलं नाही. निघताना रूपालीने हेलनची ओटी भरली. हेलनला काय करायचं समजेना, तेव्हा तुझ्या आईने तिच्या दुपट्ट्याची दोन टोकं धरून तिच्या हातात दिली.

बाबा


वर्धा, ९ डिसेंबर २०२४

काजल,

हेलन परवा इंग्लंडला परत गेली. काल दुपारी मी ट्रंक उघडली. तुझी आई बाजूला बसली होती. सहाही पाकिटं तारखेप्रमाणे लावली आणि वाचली. उत्तरं द्यायला उशीर झाला आहे, तरी देतो.

गुडघा दुखतो. सकाळी जास्त. तू सांगितलेलं तेल आईने तेव्हाच आणलं होतं, कोणी सांगितलं ते मला सांगितलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये तू लिहिलंस की औषधं मिळतात का, नाही तर निकेश गाडीचा पास काढून येतो. औषधं मिळत होती. पण तो येणार होता, हे मला काल कळलं. त्याला सांग. काय सांगायचं ते मला नीट सुचत नाही, मीच बोलेन.

२०२१ चं पत्र मी तीनदा वाचलं. मुलगी झाली, नाव तुम्ही ठेवा, मी महिनाभर थांबते, असं लिहिलंय. तू महिनाभर थांबलीस. त्या पाकिटावर माझ्या अक्षरात तारीख आहे. समीक्षा नाव फार चांगलं आहे. मी ठेवलं असतं तर इतकं चांगलं ठेवलं नसतं. तिचा फोटो आता माझ्या चष्म्याच्या डबीत आहे.

आता सहावं पत्र, या सप्टेंबरचं. तू विचारलंस, "दिवाळीत एक दिवस येऊ का? घरात नाही आले तरी चालेल, अंगणातूनच भेटून जाईन." दिवाळी होऊन गेली. त्या दिवशी तुझ्या आईने अंगणात रांगोळी दोन वेळा काढली. पहिली मोठी, मग ती पुसून लहान. मी कारण विचारलं नव्हतं.

तू येऊ नकोस. शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं रायपूरला तुझ्या घरी येतो. तिकिटं काढली आहेत. ही पाचही पत्रं आज एकाच पाकिटात घालून स्पीड पोस्टाने टाकतो, म्हणजे माझ्याआधी ती पोचतील आणि तुला ठरवायला दोन दिवस मिळतील. घरात घ्यायचं मनात नसलं तर तसं सांग, मला राग येणार नाही. मी अंगणात उभा राहतो. समीक्षाला तेवढं दारापर्यंत आण.

बाबा